रंगाला फोड का येतात?
(घरी बांधलेल्या विमानाच्या काउलिंगविषयी : मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



यंदाच्या संमेलनात एखाद्या धंद्याच्या विषयावर बोलावे, अशी मंडळाच्या चिटणीसांची सूचना आली, तेव्हा आम्ही थोडे संकोचलो. या व्यासपीठावरून आजवर विद्वानांची व्याख्याने झाली आहेत. आमचे आयुष्य पत्रा, भट्टी, पॉलिश पेपर आणि रंगाचे डबे यांच्या सहवासात गेले. तेव्हा आमच्यापाशी जे काही आहे ते बव्हंशी हाताने शिकलेले आहे. परंतु आपल्या ज्ञातीची कितीतरी मुले आज परदेशी स्थायिक झाली आहेत. अमेरिकेत असलेल्या एकदोघांनी आपल्या घराच्या गॅरेजात चक्क विमान बांधावयास घेतले आहे. त्यांची वडीलधारी मंडळी भेटली की आम्हांस एकच प्रश्न विचारतात : “मुलगा म्हणतो, इंजिनावरच्या आच्छादनाचा रंग फुगून वर येतो. तुमचा जन्म रंगात गेला. तुम्हीच सांगा, याला उपाय काय?” प्रश्न रंगाचा दिसतो; परंतु विचारणाऱ्याच्या मनात काळजी असते ती त्या विमानात बसणाऱ्या मुलाची. म्हणून आज तोच विषय घेण्याचे आम्ही ठरविले आहे.

घरी विमान बांधणे ही गोष्ट आपणांस नवलाची वाटते. अमेरिकेत मात्र ती चांगली रुळलेली आहे. १९५३ साली विस्कॉन्सिन राज्यातील मिलवॉकी येथे पॉल पोबेरेझ्नी यांनी हौशी विमानबांधणी करणाऱ्यांसाठी ‘एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन’ ही संस्था स्थापन केली. १९७० पासून तिचा वार्षिक मेळावा त्याच राज्यातील ऑशकॉश या गावी भरत आला आहे. विमानाच्या बांधणीचा मोठा भाग हौशी माणसाने स्वतःच्या शिक्षणासाठी वा करमणुकीसाठी केलेला असेल, तर त्याची ‘प्रायोगिक’ या वर्गात नोंद करण्याची सोय तेथील कायद्यात आहे. १९७० च्या दशकात बर्ट रुटान यांनी फोम आणि फायबरग्लास यांचे ‘व्हेरीईझी’ व त्यापाठोपाठ ‘लाँगईझी’ ही विमाने रचली. रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन यांनी रचलेल्या ‘आरव्ही’ मालिकेतील विमाने तर आज हजारोंच्या संख्येने उडत आहेत. आपल्याकडेही कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीला इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. २०१६ च्या फेब्रुवारीत ‘मेक इन इंडिया’च्या प्रदर्शनात ते लोकांनी पाहिले आणि २०१७ च्या नोव्हेंबरात त्याची सरकारदरबारी नोंद झाली. तेव्हा हा विषय आपल्या दारापर्यंत येऊन पोहोचला आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

आता ‘काउलिंग’ म्हणजे काय ते पाहू. विमानाच्या नाकाशी इंजिन असते; त्याच्यावर वरखाली दोन भागांत बसणारे जे सुटे आच्छादन, ते काउलिंग. समोरच्या दोन तोंडांतून हवा आत यावी, सिलिंडरांच्या पंखांमधून वाहून इंजिन थंड करावे आणि खालच्या बाजूने निघून जावे, अशी त्याची योजना असते. घरी बांधलेल्या विमानांत हे आच्छादन बहुधा फायबरग्लासचे असते. काचेच्या धाग्यांचे कापड इपॉक्सीसारख्या राळेत भिजवून साच्यावर थरावर थर लावले की ते तयार होते. हलके, मजबूत आणि हवे त्या आकाराचे. पण उष्णतेपुढे ते धातूइतके सोशिक नसते.

आणि उष्णता किती, म्हणाल तर ऐका. सिलिंडरमधून बाहेर पडणारे धुराचे वायू साधारण ७०० ते ८०० अंश सेंटिग्रेड इतके तप्त असतात. त्यांना बाहेर नेणाऱ्या पोलादी नळ्या अंधारात मंद लाल दिसतात. काही ठिकाणी, विशेषतः खालच्या काउलिंगमधून जेथे नळ्या बाहेर पडतात तेथे, त्यांचे आणि काउलिंगचे अंतर दोनचार बोटांहून अधिक नसते. तप्त वस्तूतून किरणांच्या रूपाने निघणारी उष्णता तिच्या निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते, असा भौतिकशास्त्राचा नियम आहे. नळी ५०० अंशांवरून ७०० अंशांवर गेली, तर तिच्या उष्णतेचा मारा सुमारे अडीचपट होतो. चुलीपासून हातभर दूर बसणे आणि वीतभर दूर बसणे यांतला फरक आपल्या भगिनींना निराळा सांगावयास नको.

यावर कोणी म्हणेल, मग दोष उष्णतेचा. यात रंगाऱ्याने काय करावे? आमचे म्हणणे असे, की उष्णता हे अर्धेच कारण आहे. फोड येण्यास दोन गोष्टी लागतात : आतून ढकलणारे काहीतरी, आणि त्या जागी रंगाची सुटलेली पकड. पावसाळ्यात भिंतीला पोपडे येतात, ते भिंतीत मुरलेले पाणी बाहेर येऊ पाहते म्हणून. तव्यावरचा फुलका फुगतो, तो पिठातल्या पाण्याची वाफ होते म्हणून. एक थेंब पाण्याची वाफ झाली, की तिला पाण्याच्या सुमारे १,७०० पट जागा लागते. कोरडी हवासुद्धा २५ अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापली, तर चौथ्या हिश्शाने वाढू पाहते. काउलिंगच्या रंगाखाली अशी हवा, ओल किंवा थिनर अडकून राहिलेला असेल, तर इंजिन तापताच त्याला बाहेर येण्याची घाई होते. त्याच वेळी वरचा रंग उष्णतेने मऊ झालेला असतो. जेथे पकड घट्ट आहे तेथे तो टिकतो. जेथे ढिली आहे तेथे फुगतो. म्हणून फोड वर दिसत असला, तरी त्याचा उपाय रंगाच्या खाली आणि रंग लावण्याच्या आधी करावयाचा असतो. आमच्या आजच्या सांगण्याचे सार एवढेच आहे; पुढे जे सांगतो ते त्याचे तपशील.

पहिली गोष्ट म्हणजे उष्णतेचा मारा कमी करणे. धुराची नळी आणि काउलिंग यांत निदान इंचभर अंतर असावे, अधिक मिळाले तर उत्तम. इंजिन रबरी बैठकींवर हलते, ही गोष्ट अंतर मोजताना विसरू नये. जागा अपुरी असेल तर नळीवर पातळ पोलादी पत्र्याची ढाल बसवावी आणि नळी व ढाल यांत हवेची फट ठेवावी. काउलिंगच्या आतील अंगाला चकचकीत ॲल्युमिनियमचे आवरण असलेली उष्णतारोधक चादर चिकटविण्याची पद्धत आहे. ती बसविण्यापूर्वी आतली बाजू इपॉक्सीचा हात देऊन बंद करावी, म्हणजे तेल आणि पेट्रोल फायबरग्लासमध्ये मुरणार नाही. चादरीच्या कडाही तशाच बंद कराव्यात. कित्येक लोक आतून आगरोधक रंग लावतात. त्याची मौज अशी, की आगीच्या झळीने तो मुद्दाम फुगतो आणि कोळशासारखा जाड थर होऊन मागच्या वस्तूचे रक्षण करतो. एक रंग फुगला तर बिघाड आणि दुसरा फुगला तर बचाव!

याच संदर्भात एक साधी सवय सांगावीशी वाटते. उष्णतेचा सर्वांत वाईट काळ नेहमी उड्डाणातच असतो असे नाही. इंजिन बंद केले की वारा थांबतो, परंतु तापलेले लोखंड तसेच असते. आतली कोंडलेली उष्णता वर चढते आणि वरच्या काउलिंगला शेकत बसते. म्हणून विमान उभे करताच तेल तपासण्याची झडप उघडून ठेवावी. गरम हवेला वाट मिळते आणि खर्च काही नाही. रंगाची निवड करतानाही हाच विचार हवा. काळा पृष्ठभाग कडक उन्हात ८० अंशांच्या वर जाऊ शकतो, पांढरा त्याहून पुष्कळ थंड राहतो. रुटान यांच्या विमानांना पांढरा रंग देण्याचा आग्रह धरला गेला, तो शोभेसाठी नव्हे, याच कारणासाठी.

दुसरी गोष्ट फायबरग्लासची स्वतःची. घरातल्या हवेत सुकलेली इपॉक्सी हाताला कठीण लागते. परंतु पुष्कळ प्रकारच्या इपॉक्सी तेवढ्यावर ठेवल्या, तर ५० ते ७० अंशांच्या आसपासच मऊ पडू लागतात. मडके उन्हात वाळले म्हणजे पक्के झाले असे कुंभार मानीत नाही. ते आव्यात भाजावे लागते. तद्वत् इपॉक्सीलाही पुढे मंद आचेचा शेक द्यावा लागतो. राळ बनविणाऱ्यांनी जे कोष्टक दिलेले असते त्याप्रमाणे तापमान हळूहळू वाढवावे, ठरलेला वेळ राखावे आणि हळूहळूच उतरवावे. त्या वेळी काउलिंग साच्यात किंवा विमानावर नीट आधाराने बसलेले असावे, नाहीतर ते वाकडे होते. असा शेक दिला की राळेची उष्णता सोसण्याची शक्ती वाढते, आणि तिच्यातून जे काही निघावयाचे ते रंगापूर्वीच निघून जाते.

तिसरी गोष्ट स्वच्छतेची. कल्हई करणारा काय करतो ते आपल्यापैकी वयस्कर मंडळींनी पाहिलेच आहे. कथील लावण्याचे काम क्षणाचे. त्याआधी भांडे घासणे, तापविणे, नवसागर टाकून पुसणे यातच त्याचा वेळ जातो. तेथे कसूर झाली तर कथील धरतच नाही. काउलिंगचेही तसेच आहे. साच्यातून सहज सुटावे म्हणून लावलेले मेण त्याच्यावर राहिलेले असते. शिवाय इपॉक्सी सुकताना, विशेषतः दमट हवेत, तिच्यावर मेणचट साय धरते. ही साय पाण्यात विरघळते. ती आधी कोमट पाण्याने व घासणीने धुवावी, नंतर मेण काढणारे द्रावण एका स्वच्छ फडक्याने लावावे, आणि ते उडून जाण्यापूर्वीच दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसून घ्यावे. एकच फडके फिरविले तर घाण निघत नाही, फक्त जागा बदलते. हे सर्व झाल्यावरच पॉलिश पेपर हातात घ्यावा. आधी घासून मग धुणारा माणूस ते मेण ओरखड्यांत दाबून बसवितो. घासल्यानंतर उघड्या हाताने स्पर्श करू नये. घामातले मीठ रंगाखाली राहिले तर ते पुढे ओल ओढून घेते आणि तेथे बारीक फोडांची रांग उठते.

चौथी गोष्ट म्हणजे सुईच्या टोकाएवढी छिद्रे. फायबरग्लास घासला की त्यातले हवेचे बुडबुडे फुटून अशी शेकडो छिद्रे उघडी पडतात. घाई करणारा माणूस म्हणतो, प्रायमरचे दोन जाड हात दिले की ती भरतील. ती भरत नाहीत, फक्त झाकली जातात. खाली हवा तशीच राहते, आणि पुढे कडक उन्हाच्या दिवशी तिचा हिशेब चुकता होतो. योग्य रीत अशी, की पातळ इपॉक्सी रबरी पट्टीने दाबून प्रत्येक छिद्रात भरावी, सुकू द्यावी, घासावी, आणि तिरप्या उजेडात पाहून जेथे उरली असतील तेथे पुन्हा भरावी. आकार सारखा करण्यासाठी लांबी लागतेच. परंतु मोटारीची डेंटिंग-पेंटिंगवाल्यांकडची नेहमीची लांबी येथे कामाची नाही. इपॉक्सीत काचेच्या सूक्ष्म पोकळ गोळ्या कालवून केलेली लांबी हलकी असते आणि खालच्या थराशी एकजीव होते. ओल्या पॉलिश पेपरने घासले असेल तर काउलिंग पुरते वाळल्याशिवाय प्रायमर लावू नये, कारण पाणी याच छिद्रांत लपते.

आता रंगाकडे येऊ. इपॉक्सीचा दोन घटकांचा प्रायमर आणि त्यावर पॉलियुरेथेनचा रंग ही जोडी सर्वत्र चालते. येथे शत्रू एकच, आणि तो म्हणजे उतावीळपणा. प्रत्येक हातातला थिनर उडून जाण्यास वेळ लागतो. तो उडण्यापूर्वी दुसरा जाड हात दिला, तर वर कातडे धरते आणि खाली थिनर कोंडला जातो. चार जाड हातांपेक्षा दोन पातळ हात बरे. दोन हातांमध्ये किती वेळ जावा आणि किती वेळानंतर पुन्हा घासणे भाग पडते, हे डब्याबरोबरच्या कागदावर छापलेले असते. तो कागद वाचणे हे कारागिराला कमीपणाचे नाही. ज्या पृष्ठभागावर रंग द्यावयाचा त्याचे तापमान दवबिंदूपेक्षा निदान ३ अंश अधिक असावे, हा रंगकामातला मान्य नियम आहे. आषाढ-श्रावणात कोकणपट्टीत हे साधणे कठीण. तेव्हा तेथे दिवाळीपर्यंत थांबणे हेच शहाणपण.

या ठिकाणी घरच्या माणसांसाठी एक सूचना देणे आमचे कर्तव्य आहे. दोन घटकांच्या पॉलियुरेथेन रंगात आयसोसायनेट नावाची द्रव्ये असतात. फवारताना ती श्वासावाटे गेली तर दमा जडू शकतो, आणि एकदा शरीर त्यांना बिथरले की पुढे अल्पसा संपर्कही सोसत नाही. नाकाला रुमाल बांधून हे काम करू नये. बाहेरून स्वच्छ हवा पुरविणारा मुखवटा, अंगभर झाकणारे कपडे आणि वाहती हवा हवी. घरात मुलेबाळे असताना शेजारच्या गॅरेजात फवारणी तर मुळीच करू नये. तशी सोय नसेल तर शेवटचा हात जाणत्या रंगाऱ्याकडून करून घ्यावा. त्याने विमान आपले नव्हते असे होत नाही.

जाणते लोक आणखी एक गोष्ट करतात. नव्या विमानाला अमेरिकेत प्रारंभी बहुधा २५ किंवा ४० तासांची चाचणी-उड्डाणे करावी लागतात. तेवढा काळ ते काउलिंग केवळ प्रायमरवर ठेवतात आणि ठराविक तापमानाला रंग बदलणाऱ्या चिकटपट्ट्या आतून लावतात. कोणती जागा किती तापते हे त्या पट्ट्या प्रामाणिकपणे सांगतात. मग तेथे ढाल वाढवावयाची की हवेची वाट मोठी करावयाची, हे ठरवून शेवटचा रंग दिला जातो. लग्नाचा शालू नेसण्याआधी घर सारवून घ्यावे, तसे हे आहे.

आणि एवढे करूनही फोड आला तर? येथे आम्ही आपल्या सर्वांचे विशेष लक्ष मागतो. मेळावा जवळ आला आहे, चार लोक विमान पाहणार आहेत, अशा वेळी फोड खरवडून त्यावर नवा हात मारण्याचा मोह होतो. तो मोह आवरावा. फोड हा निरोप आहे. तो आधी वाचावा. धारदार पात्याने फोड कापून पाहावे. आत ओल किंवा थिनरचा वास असेल तर वाळविण्यात घाई झाली. कोरडा असून प्रायमरसकट सुटला असेल तर स्वच्छतेत उणीव राहिली. खाली छिद्र दिसले तर हवा अडकली होती. भोवतालचा भाग नाण्याने वाजवून पाहावा. बाजारात मडके घेताना आपण ते वाजवूनच घेतो. खणखणीत नाद आला तर ठीक, बद्द आवाज आला तर फायबरग्लासचे थरच आतून सुटले आहेत असे समजावे. तेथे रंगाचा उपाय चालत नाही, तो भाग नव्याने बांधावा लागतो.

परंतु जुन्या, अनेक तास उडालेल्या काउलिंगवर एकाएकी नव्या जागी फोड आला आणि आतली राळ तपकिरी पडलेली दिसली, तर रंगाचा विचार बाजूला ठेवून प्रथम धुराची नळी तपासावी. नळीला तडा गेला असेल किंवा सिलिंडरजवळचे गॅस्केट सुटले असेल, तर तेथून तप्त वायूचा झोत काउलिंगवर येतो. अशा गळतीजवळ पुष्कळदा राखाडी-पांढुरका डाग दिसतो. इंजिन थंड असताना व्हॅक्यूम क्लीनरच्या फुंकणाऱ्या बाजूने नळीत हवा भरावी आणि सांध्यांवर साबणाचे पाणी लावावे; सायकलच्या ट्यूबचे पंक्चर शोधताना येतात तसे बुडबुडे गळतीच्या जागी येतात. ही गळती दोन प्रकारे घात करते. एक तर जवळच्या पेट्रोलच्या नळ्या आणि विजेच्या तारा जळू शकतात. दुसरे, त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला ना रंग ना वास. तो वैमानिकाच्या खोलीत शिरला तर माणसाला गुंगी येते आणि आपल्याला गुंगी येत आहे हेही त्याला उमगत नाही. अशा वेळी रुपयाभर आकाराचा तो फोड हाच काय तो पहिला इशारा असतो. ज्याने त्याच्यावर रंग फासला, त्याने इशारा देणाऱ्याचेच तोंड बंद केले. म्हणून ज्या मातापित्यांची मुले हा छंद करीत आहेत, त्यांना आमची विनंती आहे, की मुलाला पत्र लिहाल किंवा फोनवर बोलाल तेव्हा “रंग छान दिसतो का?” एवढेच न विचारता “फोड कशामुळे आला ते सापडले का?” हेही विचारा.

शेवटी मंडळाच्या चालकांना दोन शब्द. आपण दरवर्षी परीक्षांत वरचे गुण मिळविणाऱ्या मुलांचा सत्कार करतो, ते योग्यच आहे. परंतु जो मुलगा किंवा मुलगी छिद्र न् छिद्र भरते, कोणी पाहत नसतानाही रंगाखालचे काम चोख करते, आणि आलेला दोष लपविण्याऐवजी त्याचे मूळ शोधते, तिच्या विद्येला गुणपत्रिका नसते. पुढील वर्षापासून हस्तकौशल्याचे एखादे पारितोषिक मंडळाने ठेवावे, अशी आमची नम्र सूचना आहे. त्यासाठी जे शिकवावे लागेल ते शिकविण्यास आम्ही आणि आमच्यासारखे जुने कारागीर आनंदाने येऊ.